राजघराण्यांची झाकली मूठ

१९३६ च्या अखेरीस अमेरिकेहून लंडनला येणाऱ्या मासिकांची काही पानं वितरक कात्री लावून काढून टाकत. त्या पानांवर इंग्लंडच्याच राजाची बातमी असे. आठवा एडवर्ड वॉलिस सिम्पसन या अमेरिकन बाईंच्या प्रेमात आहे, बाईंचा दुसरा घटस्फोट होऊ घातलाय आणि राजाला त्यांच्याशीच लग्न करायचंय, हे न्यूयॉर्कमध्ये पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. लंडनच्या वाचकाला नव्हतं. सरकारने बंदी घातली नव्हती. लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्यासारख्या वृत्तपत्रमालकांनी आपसात ठरवून मौन पाळलं होतं. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डच्या बिशपांनी राजाला देवाच्या कृपेची गरज आहे आणि ती जाणीव त्याच्या वागण्यात जास्त दिसली तर बरं, अशा अर्थाचं भाषण केलं. पत्रकारांना वाटलं, बोट सिम्पसन प्रकरणाकडेच आहे, आणि मौन सुटलं. (आपल्या डोक्यात ते प्रकरण नव्हतंच, असं बिशपांनी पुढे सांगितलं.) ३ डिसेंबरला बातमी देशभर छापून आली आणि ११ डिसेंबरला एडवर्ड राजा उरला नव्हता.

राजघराण्यातली माणसं चारचौघांत एक दिसतात आणि आत वेगळी वागतात, ही तक्रार जुनीच आहे. ती बहुतेक वेळा ‘हेही ढोंगीच निघाले’ या वाक्यापाशी थांबते. ढोंग असतंच. मला जास्त रस आहे तो ते ढोंग सांभाळणाऱ्या यंत्रणेत: काय दिसू द्यायचं हे कोण ठरवतं, मूठ कुणाच्या जोरावर झाकली राहते, आणि उघडते तेव्हा नुकसान नेमकं कुणाचं झालेलं असतं.

दिसणं हेच काम

ब्रिटन, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम इथल्या राजांच्या हाती राज्यकारभार उरलेला नाही. कायदे संसद करते, निर्णय मंत्रिमंडळ घेतं, राजा सही करतो. वॉल्टर बॅजट या इंग्रज संपादकांनी १८६७ सालीच ही वाटणी मांडली होती. राज्यव्यवस्थेचा एक भाग प्रत्यक्ष काम करतो, दुसरा लोकांच्या मनात आदर टिकवतो, आणि राजघराणं या दुसऱ्या भागात येतं. राजपदाभोवतीच्या गूढावर फार उजेड पडू देऊ नका, असंही ते सांगून गेले. आत काय दिसेल याचा त्यांना अंदाज असावा.

मंत्र्याचं काम त्याच्या खात्यावरून जोखता येतं, नटाचं अभिनयावरून. नट घरी कितीही वाईट वागत असला तरी पडद्यावरचं त्याचं काम वेगळं काढून पाहता येतं. राजघराण्याच्या बाबतीत असं काही वेगळं काढताच येत नाही, कारण एक आदर्श कुटुंब म्हणून लोकांसमोर उभं राहणं हेच तर काम. लग्न, बाळाचा जन्म, अंत्ययात्रा या इतरांच्या घरातल्या गोष्टी तिथे राष्ट्रीय सोहळे होतात. ज्या घराचं खासगी आयुष्य हाच त्याचा सार्वजनिक कार्यक्रम आहे, तिथे ‘हे आमचं खासगी’ अशी रेघ ओढणं अवघड होऊन बसतं. ती रेघ सोयीप्रमाणे मागेपुढे करायचा मोहही होतो.

हा आदर्श कुटुंबाचा साचा ठरवून घडवला गेला. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढणाऱ्या ब्रिटनच्या राजघराण्याचं नावच जर्मन होतं, सॅक्स-कोबर्ग-गोथा. जुलै १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने ते टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतलं. प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होणारा साधा, कर्तव्यदक्ष राजा ही त्याची ओळख याच काळात पक्की होत गेली. त्याच वर्षी रशियाचा झार निकोलस पदच्युत झाला. तो जॉर्जचा सख्खा मावसभाऊ. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर ओळखायला वेळ लागावा इतकं साम्य. ब्रिटिश सरकारने झारच्या कुटुंबाला आश्रय देऊ केला होता. मग राजाच्या खासगी सचिवाची परराष्ट्र खात्याला पत्रांवर पत्रं गेली: लोकांना हे आवडणार नाही, सिंहासनाला धोका होईल, निमंत्रण मागे घ्या. ते मागे घेतलं गेलं. जुलै १९१८ मध्ये झार, त्याची बायको आणि पाचही मुलांना गोळ्या घालण्यात आल्या. आश्रय नाकारल्याचा ठपका कित्येक दशकं पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या माथी राहिला. यात राजाचा हात होता, ही गोष्ट लोकांना नीट कळली ती १९८० च्या दशकात.

प्रेमप्रकरणांपेक्षा हे उदाहरण मला कितीतरी मोलाचं वाटतं. राजाने भावाला वाचवायला हवं होतं का, यावर इतिहासकार वाद घालू शकतात. त्याची भीती अगदीच अनाठायी नव्हती. पण निर्णय राजाचा आणि बदनामी निवडून आलेल्या माणसाची, ही सोय यंत्रणेने करून दिली.

कॅमेरा आत घेण्याचा सौदा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मौनाची जागा कॅमेऱ्याने घेतली. १९६९ मध्ये राणी एलिझाबेथच्या घरात शिरून केलेला माहितीपट ब्रिटिश टीव्हीवर दाखवला गेला. राणी सुट्टीत मोकळ्यावर जेवण बनवताना घरच्यांबरोबर रमली आहे, असं दृश्य लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं. पुढे तो चित्रपट कपाटात गेला आणि दशकानुदशकं पूर्ण दाखवला गेला नाही. पण एकदा आत आलेला कॅमेरा बाहेर काढता आला नाही. १९८१ साली चार्ल्स आणि डायनाचं लग्न जगभरात सुमारे ७५ कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज सांगितला जातो.

ते लग्न कसं मोडलं हे बहुतेकांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते हे, की दोघांनीही माध्यमांना हत्यारासारखं वापरलं आणि माध्यमांनी दोघांना. १९९१-९२ मध्ये डायनाने मित्रामार्फत एका पत्रकाराला आपल्या आवाजातल्या ध्वनिफिती गुपचूप पोहोचवल्या, आणि जाहीरपणे मात्र आपला संबंध नाकारला. १९९४ मध्ये चार्ल्सने टीव्हीवर विवाहबाह्य संबंधांची कबुली दिली. नोव्हेंबर १९९५ मध्ये डायनाने बीबीसीला ती गाजलेली मुलाखत दिली आणि पुढच्या वर्षी घटस्फोट झाला. मुलाखत मिळवण्यासाठी मुलाखतकार मार्टिन बशीर यांनी बनावट बँक-कागद तयार करवून डायनाच्या भावाला दाखवले होते, हे निवृत्त न्यायमूर्ती डायसन यांच्या चौकशीत २०२१ साली नोंदलं गेलं. म्हणजे प्रतिमेमागचं खरं बाहेर आलं, पण ते आणणाऱ्याने खोट्याचा आधार घेतला होता. ‘सत्य बाहेर काढणारे’ आणि ‘प्रतिमा जपणारे’ असे दोन स्वच्छ गट करता येत नाहीत, ते यामुळे.

आज ब्रिटनमध्ये ठरावीक वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आळीपाळीने राजघराण्याचे कार्यक्रम टिपतात आणि मजकूर-फोटो आपसात वाटून घेतात. या पद्धतीला रॉयल रोटा म्हणतात. तिचा न लिहिलेला भाग असा, की आत प्रवेश हवा असेल तर संबंध बिघडवून चालत नाही. राजवाडा मुलांचे फोटो स्वतः काढून वाटतो, त्याबदल्यात छायाचित्रकारांनी मुलांच्या मागे लागू नये, अशी अपेक्षा असते. सौदा तसा वाईट नाही. मार्च २०२४ मध्ये मात्र तो उघडा पडला. केट आणि तिच्या तीन मुलांचा फोटो केन्सिंग्टन पॅलेसने मातृदिनाला प्रसिद्ध केला. मुलीच्या बाहीची कड जुळत नाहीये, हे लोकांच्या लक्षात आलं, आणि एपी, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांनी तो फोटो काही तासांत मागे घेतला. दुसऱ्या दिवशी केटने माफी मागितली. मधल्या काळात तिच्याविषयी नाही नाही ते तर्क लढवले गेले, आणि २२ मार्चला तिनेच सांगितलं की आपल्यावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत.

इथे कुणाचं गैरवर्तन नव्हतं. एक आजारी बाई आपला आजार स्वतःपाशी ठेवू पाहत होती आणि यंत्रणा ‘सगळं छान आहे’ असा फोटो लोकांना देत होती. प्रतिमा आणि वास्तव यांत फट दिसली म्हणजे आत पाप आहेच, असं धरून चालणाऱ्यांना हे प्रकरण जड जायला हवं.

हॅरी या सौद्यातून २०२० मध्ये बाहेर पडला, तोही अर्धाच. खासगीपणा हवा म्हणून तो दूर गेला आणि मग मुलाखती, मालिका, आत्मचरित्र यांतून घरातलं सगळं त्यानेच मांडलं. २०१९ मध्ये पर्यावरणावर बोलत असतानाच थोड्या दिवसांत चार वेळा खासगी विमानाने फिरल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली, ती योग्यच होती. पण टॅब्लॉइड वृत्तपत्रांनी त्याच्याविषयीची माहिती बेकायदा मार्गांनी मिळवली होती, हेही ब्रिटिश न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलं आणि त्याला भरपाई दिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्यातली एकच उचलतात.

कुठलं पाप कुणाचं

राजघराण्यांच्या सगळ्या भानगडी एकाच तराजूत घालायची सवय मोडायला हवी. कोण कुणाच्या प्रेमात पडला, यात दुखावलेली माणसं घरातली असतात आणि प्रश्न त्यांच्यातला असतो. पण तिथेही कधीकधी पद आडवं येतं. बेल्जियमचा राजा अल्बर्ट याची एक मुलगी विवाहबाह्य संबंधातून झालेली आहे, असा उल्लेख १९९९ मध्ये राणीच्या एका चरित्रात आला. अल्बर्टने ते मान्य केलं नाही. त्या मुलीला, डेल्फीन बोएल यांना, कोर्टात जाता आलं ते २०१३ मध्ये, तो सिंहासनावरून उतरल्यावर. राजा असेपर्यंत त्याला कोर्टाची पायरी चढावीच लागत नव्हती. डीएनए नमुना द्यायला तो तयार होईना, तेव्हा न्यायालयाने दिवसाला पाच हजार युरो दंडाची तंबी दिली. जानेवारी २०२० मध्ये त्याने आपणच वडील असल्याचं कबूल केलं. संबंध खासगी होता. लेकीला वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं ठेवणारी ढाल मात्र राजपदाची होती.

दुसरा प्रकार कायद्यात बसणारा, पण लोकांना झोंबणारा. ऑक्टोबर २०२० मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने कोविडमुळे शक्यतो घरीच राहा असं सांगितलं आणि राजा विलेम-अलेक्झांडर सहकुटुंब ग्रीसला सुट्टीवर गेला. नियम एकही मोडला नव्हता. गदारोळ झाल्यावर तो लगेच परतला, टीव्हीवर माफी मागितली, आणि पंतप्रधान रुटे यांनी जबाबदारी आपल्यावर घेतली, कारण तिथल्या राज्यघटनेनुसार राजाच्या वागण्याचं उत्तर मंत्र्यांनी द्यायचं असतं. हे प्रकरण मला फुगवलेलं वाटतं. तरी लोकांचा राग समजू शकतो: सगळ्यांबरोबर सोसणं हीच तर त्या नोकरीची अट.

तिसरा प्रकार पैशाचा आणि ओळखींचा. इथे मात्र ‘खासगी’ हा शब्द ऐकूनच सावध व्हावं. स्पेनच्या हुआन कार्लोसचं उदाहरण यासाठी सगळ्यात बोलकं. २३ फेब्रुवारी १९८१ ला काही लष्करी अधिकाऱ्यांनी संसदेत बंदुका घेऊन शिरून बंड केलं, तेव्हा मध्यरात्रीनंतर लष्करी गणवेशात टीव्हीवर येऊन या राजाने लोकशाहीची बाजू घेतली. बंड कोसळलं. त्या एका रात्रीच्या पुण्याईवर पुढची तीस वर्षं निघाली. राजाच्या पैशांकडे आणि मैत्रिणींकडे पाहायचं नाही, हे स्पॅनिश पत्रकारितेत जणू ठरूनच गेलं होतं. २००७ मध्ये युवराज फेलिपेवर अश्लील व्यंगचित्र छापलं म्हणून एका विनोदी साप्ताहिकाचा अंक न्यायाधीशांनी जप्त करवला आणि चित्रकारांना दंड झाला.

एप्रिल २०१२ मध्ये मूठ उघडली, तीही राजा पडला म्हणून. बोट्स्वानात हत्तींच्या शिकारीला गेला असताना हुआन कार्लोसचं कंबरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेसाठी त्याला माद्रिदला आणावं लागलं, आणि दौरा कुणालाच सांगितलेला नव्हता हे उघड झालं. स्पेनमध्ये तेव्हा निम्मे तरुण बेकार होते. त्यांच्या काळजीने आपल्याला झोप लागत नाही, असं राजा थोड्याच दिवसांपूर्वी म्हणाला होता. वर तो वन्यजीव रक्षणासाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या स्पेन शाखेचा मानद अध्यक्ष! दाखवायचे दात आणि खायचे दात यांची म्हण हत्तीवरूनच आलेली, पण इतकी शब्दशः लागू पडताना क्वचितच दिसते. संस्थेच्या सभासदांनी मतदान करून त्याचं पद काढून घेतलं. राजाने रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभं राहून माफी मागितली आणि दोन वर्षांनी मुलासाठी पद सोडलं.

शिकार हा या कथेचा क्षुल्लक भाग ठरला. २००८ मध्ये सौदी अरेबियाकडून दहा कोटी डॉलर एका परदेशी प्रतिष्ठानाच्या स्विस खात्यात आले होते, त्यामागे हुआन कार्लोस होता, आणि २०१२ मध्ये त्यातला मोठा वाटा त्याच्या मैत्रिणीकडे गेला, हे नंतर बाहेर आलं. मार्च २०२० मध्ये राजा फेलिपेने वडिलांचा वारसा नाकारला आणि त्यांचा भत्ता बंद केला. ऑगस्टमध्ये हुआन कार्लोस अबुधाबीला निघून गेला. स्पॅनिश करखात्याकडे त्याने थकलेले लाखो युरो दोन हप्त्यांत भरले. खटला मात्र उभा राहिला नाही. स्विस तपास २०२१ च्या डिसेंबरात आरोपाविना बंद झाला, स्पेनचा २०२२ च्या मार्चमध्ये. स्पेनमधल्या कारणांत मुदत संपणं होतं, पुराव्यांची कमतरता होती, आणि राज्यघटनेचं ५६ वं कलमही होतं: राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय आहे.

डब्ल्यूडब्ल्यूएफच्या नशिबी असा हा पहिलाच राजपुरुष नव्हता. संस्थेचा पहिला जागतिक अध्यक्ष, नेदरलँड्सचा प्रिन्स बर्नहार्ड, हा कोटाला कार्नेशनचं फूल लावणारा, दुसऱ्या महायुद्धातला लोकप्रिय नायक. लॉकहीड या विमान कंपनीकडून त्याने अकरा लाख डॉलर घेतल्याचं प्रकरण १९७६ मध्ये निघालं. नवऱ्यावर खटला भरला तर आपण पद सोडू, अशी राणी युलियानाची भूमिका होती. सरकारने खटला टाळला. बर्नहार्डला गणवेश आणि पदं सोडावी लागली. पैसे घेतल्याची कबुली त्याने एका मुलाखतीत दिली, आणि ती आपल्या मृत्यूनंतरच छापायची असं ठरवून ठेवलं होतं. ती डिसेंबर २००४ मध्ये आली. आपण नाझी पक्षाचे सदस्य कधीच नव्हतो, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. २०२३ मध्ये त्याच्याच कागदपत्रांत सदस्यत्वाचं मूळ कार्ड सापडलं.

राजाला विचारणार कोण

मुंबईत १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून झाला. सोबत मुमताज बेगम होती, इंदूर दरबारातून निसटून आलेली. तिला पळवून नेण्याचा बेत योगायोगाने तिथे आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे फसला. पकडलेल्यांचे धागे इंदूर संस्थानाशी जुळत होते. महाराजा तुकोजीराव होळकरांवर कुठलाही खटला चालला नाही. चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा, असे दोन पर्याय सरकारने ठेवले, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. त्यांचा दोष किती, हे कायद्याने कधी ठरलंच नाही.

शंभर वर्षांनी ब्रिटनच्या अँड्र्यूचा शेवटही याच पठडीतला झाला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हेलिकॉप्टर उडवलेला राजपुत्र, २००१ ते २०११ देशाचा व्यापारदूत, आणि अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाशी ज्याचं नाव जोडलं गेलं त्या जेफ्री एपस्टीनचा मित्र. नोव्हेंबर २०१९ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्येच त्याने बीबीसीच्या एमिली मेटलिस यांना मुलाखत दिली. डिसेंबर २०१० मध्ये आपण एपस्टीनला भेटलो ते मैत्री तोडायला, असा त्याचा दावा होता. ज्या यंत्रणेने त्याला साठीपर्यंत अवघड प्रश्नांपासून वाचवलं, तिनेच त्याला प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकवलं नव्हतं. चार दिवसांत त्याला सार्वजनिक कामातून बाजूला व्हावं लागलं. २०२२ मध्ये त्याने आपल्याविरुद्धचा लैंगिक शोषणाच्या आरोपाचा अमेरिकेतला दिवाणी दावा तडजोडीने मिटवला, आरोप मान्य न करता. २०२५ मध्ये फेब्रुवारी २०११ चा, म्हणजे मैत्री तुटल्याच्या सांगितलेल्या तारखेनंतरचा, त्याने एपस्टीनला पाठवलेला ईमेल छापून आला. ऑक्टोबर संपता संपता राजा चार्ल्सने त्याचा ‘प्रिन्स’ हा किताबही काढून घ्यायची प्रक्रिया सुरू केली.

त्याच महिन्यात विंडसरजवळच्या त्याच्या घराचा करार चर्चेत आला: २००३ पासून ७५ वर्षं, सुरुवातीला दहा लाख पौंड आणि दुरुस्तीचा मोठा खर्च त्याने केला, आणि वार्षिक भाडं एक मिरीदाणा, म्हणजे नावापुरतं, तेही मागितलं तर. ब्रिटिश संसदेत राजघराण्यातल्या व्यक्तीच्या वर्तनावर थेट ठराव मांडल्याशिवाय ताशेरे मारता येत नाहीत, असा संकेत आहे. त्यामुळे असले प्रश्न खासदारांना हिशेबतपासणीच्या आडवाटेने काढावे लागतात.

माहिती अधिकारातही वाट बंद आहे. चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना पत्रं लिहून धोरणांवर मतं देई. ती २७ पत्रं मिळवायला एका वृत्तपत्राला दहा वर्षं कोर्टात लढावं लागलं. २०१५ मध्ये ती खुली झाली. त्याआधीच, २०१० मध्ये, कायदा बदलून राजा आणि त्यानंतरचे पहिले दोन वारस यांचा पत्रव्यवहार माहिती अधिकाराच्या पूर्ण बाहेर ठेवला गेला होता.

सर अँड्र्यू मॅकफार्लेन हे २०२० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयातल्या कौटुंबिक विभागाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा एक निकाल प्रसिद्ध झाला. आधुनिक दुबईचा शिल्पकार, कवी आणि घोड्यांचा जगप्रसिद्ध शौकीन म्हणून ओळखला जाणारा तिथला शासक शेख मोहम्मद याने आपल्या दोन मुलींना पळवून आणवलं, एकीला २००० मध्ये इंग्लंडमधून आणि दुसरीला २०१८ मध्ये भारताच्या किनाऱ्याजवळच्या बोटीवरून, असा निष्कर्ष त्यात होता. शेखने आरोप फेटाळले होते. निकाल लोकांपर्यंत जाऊ नये म्हणून त्याचे वकील वरच्या न्यायालयापर्यंत गेले आणि हरले.

पुढच्या वर्षी याच न्यायाधीशांसमोर प्रिन्स फिलिपचं मृत्युपत्र आलं. इंग्लंडमध्ये कुणाही माणसाचं सिद्ध झालेलं मृत्युपत्र फी भरून पाहता येतं. राजघराण्याला अपवाद आहे, आणि त्याची सुरुवात १९१० मध्ये राणी मेरीचा भाऊ फ्रान्सिस वारला तेव्हापासूनची. घराण्यातले दागिने त्याने मैत्रिणीला ठेवले होते, असं सांगितलं जातं. राजपदाची प्रतिष्ठा जपण्यासाठी फिलिपचं मृत्युपत्र ९० वर्षं मोहोरबंद राहील, असं मॅकफार्लेन यांनी ठरवलं. सुनावणी बंद दाराआड झाली, वृत्तपत्रांना बाजू मांडायला बोलावलं गेलं नाही, आणि त्याविरुद्धचं अपील २०२२ मध्ये फेटाळलं गेलं. अशी तीसहून अधिक पाकिटं त्यांच्या ताब्यातल्या तिजोरीत आहेत, हे त्यांनी निकालातच सांगितलं. ९० वर्षं भरल्यावर पाकीट आधी खासगीत उघडायचं. उघडताना राजाचे वकील, दप्तरप्रमुख आणि सरकारचे कायदा अधिकारी हजर असतील, आणि त्यातलं किती लोकांना दाखवायचं, याचा विचार त्यानंतर होईल.